‘भ’च्या डोक्यावरची फट

श्रावण लागला की लोकांना सणवार आठवतात, मला लाकूड आठवतं. ओलं आहे की सुकलंय, एवढाच प्रश्न. वास्तविक माझ्या घरात रंगवण्यासारखं लाकूड आता उरलेलंच नाही, सगळं प्लायवूड आणि सनमायका. तरी दोन सरींच्या मध्ये ऊन पडलं की मी उगाच गॅलरीच्या दारावर तळहात ठेवून बघते. नवरा विचारतो, "काय, ताप आलाय का दाराला?" त्याला सवय झालीय.

परवा अशीच उघडीप होती, म्हणून बस पकडून चौकच्या कोळीवाड्यात गेले. काम काहीच नव्हतं. डोंगरी गाव मागे पडलं, खारा वारा खिडकीतून आत आला आणि किनाऱ्यावर ओळीनं ओढून ठेवलेल्या होड्या दिसल्या. काही अजून शाकारलेल्याच होत्या, पावसासाठी वरून झाकून घेतलेल्या. काहींची झाकणं काढून रंगकाम सुरू झालं होतं. इनॅमलचा वास, त्यात टर्पेंटाइनचा, त्यात शेजारी पसरलेल्या जाळ्यांचा. हा वास आला की बाह्या वर सारून कामाला लागावंसं वाटतं. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण या वासात ते अजून कानामागे पेन्सिल खोचून उकिडवे बसलेले असतात.

बाबा पेंटर होते. चित्रांचे नाही, अक्षरांचे. ऐंशीचं दशक संपता संपता आम्ही परळची खोली सोडून भाईंदर पश्चिमेला, मोरव्याच्या अलीकडे राहायला आलो. तेव्हा भाईंदर रोज थोडं थोडं वाढत होतं, आणि वाढणाऱ्या गावाला पाट्या लागतात. नव्या बिल्डिंगला नाव हवं, डॉक्टरला बोर्ड हवा, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्याला बोर्ड हवा, क्लासवाल्याला तर भिंतच्या भिंत हवी. विहाराचा निळा बोर्डही बाबांनीच रंगवला, त्याचे पैसे घेतले नाहीत आणि त्यावर सगळ्यांत जास्त दिवस लावले. निम्मं भाईंदर माझ्या बाबांच्या हातचं वाचतं, असं मी शाळेत फुशारकीनं सांगायची. ते फार खोटं नव्हतं.

आमचं मूळ गाव चिपळूणकडचं. बाबांच्या आजोबांना शाळेची पायरी चढू दिली नव्हती, हातात पाटी येणं तर लांबच. त्यांचा नातू आता जगाच्या पाट्या लिहून पोट भरतो, याची बाबांना मनातून मोठी गंमत वाटायची. बोलून दाखवायचे नाहीत. पण एखाद्या बोर्डात वेलांटी चुकलेली दिसली की रस्त्यात थांबायचे, आणि आईच्या हातातली पिशवी कितीही जड असली तरी तिलाही थांबावं लागायचं. "अहो, चला ना, तुमचा बोर्ड आहे का तो?" ती म्हणायची. बाबा म्हणायचे, "अक्षर तर आपलं आहे ना." हा हट्टीपणा मी जसाच्या तसा उचलला. आईनं तो दोघांचाही सोसला.

वर्षभर पाट्या, पण श्रावणात होड्या. पावसात दर्या बंद असतो, होड्या किनाऱ्यावर असतात, आणि पुन्हा पाण्यात जायच्या आधी त्यांना रंग लागतो, नाव लागतं. चौकच्या बऱ्याच होड्यांवर बाबांच्या हातचं नाव असायचं. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जायची, डबे धरायला आणि पाऊस आलाच तर प्लास्टिक धरायला. तिथं मी पहिल्यांदा पाहिलं की होडीवर सरळ रेघ नावाची गोष्ट नसते. फळ्या पुढच्या टोकाकडे, म्हणजे नाळेकडे, वर चढत जातात. त्यावर पट्टी लावून सरळ शिरोरेघ मारली तर लांबून ती खाली लोंबल्यासारखी दिसते. बाबा आधी होडीच्या बाजूनं नुसतेच चालायचे, ब्रशशिवाय, हवेत हात धरून. मग ब्रश भरायचे आणि खांद्यापासून हात लांबवून, चालत चालत, एका दमात रेघ ओढायचे. रेघ होडीबरोबर वर चढायची. अक्षरं नंतर तिला टांगायची.

आणि ‘भ’ आला की हात उचलायचा. ‘भ’च्या आणि ‘ध’च्या डोक्यावर रेघ सलग नसते, फट असते, हे आपण पहिलीत शिकतो आणि विसरतो. लिहिताना सवयीनं सोडतो, वाचताना बघतही नाही. पेंटरला ते विसरून चालत नाही. फट बुजली की ‘ध’चा ‘घ’ होतो आणि ‘भ’चा ‘म’.

माझं कॉलेज संपत आलं तेव्हा बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात कळलं, मग ब्रशमध्ये. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वय झालं म्हणाले. मोठ्या बोर्डांचं भागायचं, कारण लांब ओढ खांद्यातून येते आणि खांदा ठीक होता. पंचाईत व्हायची ती ब्रश टेकवताना आणि उचलताना. अक्षर म्हणजे शेवटी टेकवणं आणि उचलणंच. एका श्रावणात चौकच्या पास्कल नाखव्याच्या होडीवर ‘प्रभुकृपा’ लिहायचं होतं. दरवर्षीचंच नाव, दरवर्षीचीच जागा. ‘प्र’ ओलांडून फटीपाशी आले आणि बाबांनी हात उचललाच नाही. रेघ ओढत नेली. मागाहून त्यांनी आईला सांगितलं, "उचलला असता तर परत टेकवता आला नसता गं." सुकल्यावर होडीच्या पट्ट्याच्याच निळ्या रंगानं फट पाडू असं ठरवलं होतं. पण पाऊस लागला तो लागलाच, आणि तो थांबला तशी होडी दर्यात गेली.

वर्षभर ती होडी ‘प्रमुकृपा’ म्हणून फिरली. चौकमध्ये हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. कुणीतरी भर धक्क्यावर नाखव्याला विचारलं, "पास्कल, ही प्रमु कोन रं तुझी?" त्याची बायको मेरीमावशी मासळीच्या टोपल्या उतरवत होती, तिनं ते ऐकलं आणि त्यानंतर चिडवण्याची सूत्रं स्वतःच्याच हातात घेतली. नाखव्याला काहीच वाटलं नव्हतं. बाबांनी तोंड चुकवलं तर घरी येऊन म्हणाला, "आरं पेंटर, त्याच नावानं वरीसभर मासली मिलाली मना. दर्या काय शालंत गेलेला हाय वाचायला?" बाबा हसले. तो गेल्यावर त्यांनी होडीचे ब्रश रॉकेलमध्ये धुतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले.

मला तेव्हा फार राग आला. बाबांचा नाही, त्या गुंडाळीचा. माणूस दमतो, थांबतो, ते समजू शकते. पण एका फटीमुळे सगळं आयुष्य वर्तमानपत्रात बांधून माळ्यावर? मी मनाशी ठरवून टाकलं की पुढच्या श्रावणात ‘प्रभुकृपा’ बाबांच्याच हातचं असेल. कसं, ते ठाऊक नव्हतं. ठरवलं मात्र होतं.

तोवर मी कॉम्प्युटर शिकून भावेशभाईंच्या रेडियमच्या दुकानात लागले होते. गाडीच्या नंबरपासून दुकानाच्या काचेपर्यंत सगळीकडे रंगीत चिकट कागदाची अक्षरं लागायची ते दिवस सुरू झाले होते. आपण सगळे त्या कागदाला रेडियमच म्हणतो, तो चमको न चमको. भावेशभाईंनी प्लॉटर घेतला होता. कॉम्प्युटरवर अक्षर मांडायचं, बटण दाबायचं, की मशीनमधलं बारीक पातं कागदावर इकडून तिकडे पळत सुटायचं. कागद पुढेमागे सरकायचा, किर्र, टक, किर्र, आणि अक्षर कापून तयार. नको असलेला भाग सुईनं उचलायचा, उरलेलं चिकटवायचं. मला ते मशीन मनापासून आवडलं. त्याचा हात थरथरत नव्हता.

बाबांना मात्र त्याची ॲलर्जी. वैतागून नाही, अभ्यास करून. रस्त्यात रेडियमचा मराठी बोर्ड दिसला की जवळ जाऊन नखानं शिरोरेघ चाचपायचे. "बघ. प्रत्येक अक्षरापाशी तुटलीय." खरंच तुटलेली असायची. त्या वेळच्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापल्या डोक्यावरचा रेघेचा तुकडा घेऊन यायचं. पडद्यावर ते तुकडे एकमेकांवर चढून सलग दिसायचे, पण पातं बिचारं इमानदार, ते प्रत्येक तुकडा वेगळा कापायचं. उन्हापावसात आधी तिथूनच कोपरे उचलायचे. होडीवर तर विचारूच नका. आदल्या साली हौसेनं रेडियम लावलेल्या एका होडीचं नाव दिवाळीच्या आत दर्यानं अक्षराअक्षरानं खाऊन टाकलं होतं.

त्यामुळे श्रावणाच्या तोंडावर पास्कल नाखवा पुन्हा घरी आला. "पेंटर, नाव लिवाचा हाय."

"माझा हात गेला नाखवा. दुसरा बघ कुणी. नाहीतर रेडियम लाव."

"रेडियम न्हाय टिकत. तू ये. प्रमु लिव न्हायतर प्रभू लिव, पन तू लिव."

बाबा उठून आत गेले. नाखव्याला तो नकार वाटला, मला नाही. बाबा अशा वेळी पाणी प्यायला आत जायचे, आणि पाणी प्यायचे तेव्हा विचार करत असायचे. मी नाखव्याला दारापर्यंत सोडायला गेले आणि हळूच सांगितलं, "काका, दुसऱ्या कुणाला सांगू नका. आम्ही येतोय."

बाबांची समजूत घालण्यात काही अर्थ नव्हता. समजूत घातली की ते आणखी समजूतदार व्हायचे आणि जागचे हलायचे नाहीत. त्यांना भांडायला लावायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात ‘प्रभुकृपा’ मशीनच्या फॉन्टमध्ये कापलं, त्यातल्या त्यात भिकार फॉन्ट निवडून, आणि घरी येऊन फ्रिजच्या दारावर चिकटवलं. जेवताना ते बाबांच्या अगदी समोर येत होतं. पहिला घास, दुसरा घास. आमटी वाढताना आईनं माझ्याकडे बघितलं, तिला डाव कळला होता.

"हा ‘कृ’ आहे?" शेवटी बाबा म्हणाले.

"हो. का?"

"लंगडतोय तो. आणि ‘पा’चं पोट बघ, आत गेलंय. हे लावणार होडीला?"

"मग काय करू? चांगलं अक्षर कुठून आणू?"

बाबांनी ताट बाजूला सारलं. आईनं जुन्या कॅलेंडरची पानं आधीच काढून ठेवली होती. बाबांनी ती फरशीवर उलटी पसरली, पेन्सिल घेतली आणि गुडघ्यावर बसून मोठी अक्षरं काढायला लागले. रेषा सगळ्या थरथरत होत्या. पण थरथरीच्या आत अक्षर नेमकं होतं, तोच तिरपा डौल, तेच भरलेलं पोट. मी मुद्दाम खाली वाकून पानं गोळा करत बसले.

भावेशभाईंकडे एक छोटा स्कॅनर होता, हातात धरून कागदावरून इस्त्रीसारखा फिरवायचा. त्यानं अक्षरं तुकड्या तुकड्यांनी पडद्यावर आणली. आणि मग दिसलं की थरथर म्हणजे काय असते. जिथे एक वळण हवं तिथे ढीगभर बारीक टोकं. मी एकेक टोक पकडून पुसत बसले. पण किती पुसायचं? वाटलं, थोडी थरथर राहू द्यावी, ती बाबांची खूण आहे. तिसऱ्या दिवशी बाबा स्वतः दुकानात आले. शर्ट इस्त्रीचा, केस विंचरलेले, जसे काही मुलगी बघायला आलेत. माझ्या शेजारी स्टूलवर बसून पडदा निरखला.

"हे का ठेवलंयस?"

"तुमचा हात आहे ना तो, बाबा."

"थरथर माझी आहे बाय, अक्षराची नाही. काढ ती."

मी काढली. एकेक टोक पुसत गेले तसं कॅलेंडरच्या मागचं अक्षर वयानं लहान होत गेलं, आणि शेवटी पडद्यावर मला तो हात दिसला जो मी लहानपणी बघितला होता. "‘भु’चा उकार आणखी खोल," बाबा म्हणायचे, "अजून, अजून, बस." मी माउस हलवायची. त्या आठवड्यात आमच्या दोघांत जेवढं बोलणं झालं तेवढं त्याआधीच्या वर्षभरात झालं नव्हतं, आणि सगळं उकार, वेलांटी, पोट, पाठ यांच्याबद्दल.

रेडियम थेट होडीवर टिकणार नव्हतंच. म्हणून ठरलं की मशीननं कागद कापायचा, पण अक्षर ठेवायचं नाही, अक्षराची जागा उपसून टाकायची. उरलेला कागद होडीला चिकटवायचा आणि भोकांतून ब्रशनं इनॅमल भरायचं. मशीन नेमकेपणा देईल, रंग दर्याला तोंड देईल. भावेशभाई म्हणाले, "आइडिया अच्छा है. लेकिन बोर्ड का धंदा मेरा है कि तेरे पप्पा का?" मग स्वतःच म्हणाले, "जाने दो, रोल का पीछे का पीस ले लो."

अडलं ते शिरोरेघेपाशी. पहिला कागद कापून चौकला नेऊन नुसता होडीशी धरून बघितला. सरळ रेघेतलं नाव त्या चढत्या फळीवर तोंड पाडून बसल्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर रेघ वाकवते. वाकवली. नाव आता हसत होतं, तेही वेड्यासारखं. बाबा कितीतरी वेळ होडीच्या बाजूनं चालले. मग म्हणाले, "रेघ काढून टाक. अक्षरं तुझं मशीन कापू दे. रेघ होडीला बघून मारायची असते."

दुकानात परत येऊन मी चारही अक्षरांच्या डोक्यावरची रेघ पुसली. पडद्यावर बोडकी अक्षरं उरली. भावेशभाई मागून चहाचा ग्लास घेऊन आले, बघितलं आणि ओरडलेच, "अरे, ये तो गुजराती हो गया!" बाबा असे हसले की स्टूल हललं. ब्रश माळ्यावर गेल्यापासून मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. पण बसनं घरी येताना ते हसू ओसरलं. अक्षरांचं भागलं होतं. रेघ कोण मारणार, हे मात्र ठरलं नव्हतं.

आज माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. त्या प्लॉटरची नातवंडं म्हणावीत अशी मशिनं आता लाकूड कापतात, ॲक्रिलिक कापतात, पितळेवर कोरतात. फॉन्टमधली शिरोरेघ केव्हाच सलग झालीय. मुलाखत घ्यायला आलेली एक मुलगी मला विचारत होती, मॅडम, मशीन आलं तेव्हा हाताची कला मेली असं वाटलं का? मी म्हटलं, नाही बाई. तो हात मशीन यायच्या आधीच माळ्यावर गेला होता, मशीननं तर तो खाली उतरवला. तिला हे उत्तर पसंत पडलं नसावं, तिनं लिहून घेतलं नाही. मला अजूनही त्या रडगाण्याचा कंटाळा येतो. कुठलंही हत्यार हातात घ्यायच्या आधी बघावं की आपल्याला वाचवायचं काय आहे. मला एक फट वाचवायची होती.

त्या साली रविवारी फादर येऊन होड्यांवर आशीर्वादाचं पाणी शिंपडणार आणि मग होड्या दर्यात, असं ठरलं होतं. शुक्रवारी पाऊस, शनिवारी सकाळी लख्ख ऊन. आम्ही पहिल्या बसनं चौकला पोचलो. निळा पट्टा नाखव्यानं आधीच मारून सुकवला होता. मी नाळेच्या दोन्ही बाजूंना कापलेले कागद लावले. एकेक अक्षर सुटं, त्यामुळे बाबा लांब उभं राहून सांगत होते, "‘कृ’ जरा वर. ‘पा’ आणखी वर. होडीबरोबर चढू दे त्याला." भोकांतून मी पिवळा रंग भरला. दुपारपर्यंत तो धरला तसे कागद सोलले. दोन्ही बाजूंना बाबांचीच अक्षरं, कड कापल्यासारखी स्वच्छ, आणि डोक्यावर काही नाही. नाखव्यानं मान वाकडी करून बघितलं. "ह्यांच्या टोप्या कुटं हायत?"

"येतायत," मी म्हटलं.

मी दुकानातून नखाएवढा एक तुकडा कापून आणला होता, ‘भ’च्या फटीच्या मापाचा. तो मी पहिल्या बाजूला फटीवर चिकटवला. बाबांनी तो पाहिला आणि त्यांना सगळं कळलं. आता उचलायची गरज नव्हती. रेघ तुकड्यावरून सरळ जाईल, मग तुकडा काढायचा, फट आपोआप उरेल.

"ही चीटिंग झाली," ते म्हणाले.

"चीटिंग नाही. सोय आहे."

त्यांनी होडीच्या बाजूनं एक फेरी मारली, रिकाम्या हातानं. पुन्हा एक. मग माझ्याकडे हात केला. मी ब्रश दिला. तो त्यांच्या बोटांत इतका थरथरत होता की रंगाचे थेंब पायावर पडले. बाबांनी ‘प्र’च्या आधीच्या टोकाला ब्रश दाबूनच टेकवला, खांदा पुढे घेतला आणि चालू लागले. नुसता हात नाही, अख्खे बाबा सरकत होते. तुकड्यावरून, ‘भ’वरून, ‘कृ’वरून, वर वर, ‘पा’च्या पलीकडे. रेघ होडीबरोबर चढली होती. मी सुईनं तो तुकडा उचलला आणि खालून निळी फट निघाली. त्याबरोबर ‘भ’च्या कोवळ्या रंगाचा एक टवकाही निघाला, तो बाबांनी चिंधीच्या टोकानं सारखा केला.

"आता जाला प्रभू!" नाखवा ओरडला. मेरीमावशी लगेच म्हणाली, "प्रमु गेली वाटतं म्हायेरी." वाळूवर बसलेली सगळी माणसं हसली, आणि बाबाही त्यांच्यात बसून हसले. मला वाटलं, झालं, जिंकलो. आता दुसरी बाजू मारायची आणि घरी जायचं.

दुसऱ्या बाजूला गेल्यावर बाबांनी ब्रश माझ्या हातात दिला. "आता तू."

"मी? बाबा, मी पाटीवर मारलीय रेघ, होडीवर कधीच नाही."

"मीसुद्धा एकदा पहिल्यांदाच मारली होती. माझी एक रेघ राहिली होती ती झाली. मशीन तू शिकलीस, आता हे शीक. एकावर भागणार नाही तुझं."

ते रागावून बोलत नव्हते. मशीनच्या भरवशावर मी एवढी उड्या मारत आले होते आणि आता माझाच हात थरथरत होता, तरण्या वयात. मी मुकाट्यानं तो तुकडा उचलून फटीवर लावायला गेले.

"ते नको. अक्षर ओरबाडतं."

"मग हात उचलू कशी? मला नाही जमणार."

"उचलू नको."

बाबा खाली वाकले आणि त्यांनी आपल्या डाव्या हाताचं बोट ‘भ’च्या डोक्यावर, जिथे फट हवी नेमकं तिथे, दाबून धरलं. कोपरापासून मनगटापर्यंत आता तो हातही कापत होता. लाकडाला टेकलेलं बोट मात्र जराही हलत नव्हतं.

"बाबा, तुमच्या बोटावरून जाईल ब्रश."

"जाऊ दे. तू थांबू नको. मी आहे ना इथं."

मी ब्रश भरला, टेकवला आणि चालायला लागले. ‘प्र’ मागे गेला. ब्रश बाबांच्या बोटावर चढला, नखावरून गेला, पलीकडे उतरला, आणि मी थांबले नाही. खांद्यात कळ आली तरी थांबले नाही. ‘पा’ संपला तेव्हाच थांबले. मागे वळून बघितलं. रेघ जरा जाडी-बारीक झाली होती, पण होडीला धरून गेली होती.

बाबांनी सावकाश बोट उचललं. ते पिवळं झालं होतं आणि त्याच्याखाली निळं लाकूड जसंच्या तसं होतं. ‘भ’ ‘भ’च होता. बाबा त्या फटीकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्या पिवळ्या बोटाकडे.